गाभण घोडी घेऊन दिब्ब्याला

१९६३च्या डिसेंबरात रास अल खैमाहून दिब्ब्याला निघालेली एक गाभण घोडी पहिल्याच मुक्कामापासून काही खाईनाशी झाली. ती धडधाकट पोचवण्याची जबाबदारी हसनभाई मुकादम यांनी घेतली होती. मी त्यांच्या सोबत होतो.

त्या वेळी संयुक्त अरब अमिराती हे नाव नकाशावर आलेले नव्हते. किनाऱ्यावर वेगवेगळ्या शेखांची छोटी राज्ये होती. बाजारात भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला रुपया चाले आणि हिंदी बोलून माणसाचे निभत असे. हसनभाई मूळचे हर्णैचे. बारा-तेरा वर्षे ते दुबई आणि रास अल खैमात तांदूळ, चणे आणि इमारती लाकूड विकत होते. मी मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक. रजा शिल्लक होती, हसनभाईंच्या धाकट्या भावाची ओळख होती आणि कॉलेजात असताना मी घोड्यावर बसायला शिकलो होतो. तेवढ्या बळावर मी बोटीत बसलो.

घोडी अबू राशिद या गलबतमालकाची होती. रास अल खैमाच्या खाडीकाठी त्याचे प्रवाळाच्या दगडांचे घर होते. तारुण्यात तो मोती घेऊन मुंबईला येत असे, त्यामुळे त्याची हिंदी साफ होती. त्याची मुलगी मोझा हिने ही घोडी शिंगरू असल्यापासून वाढवली होती. वर्षापूर्वी मोझा लग्न होऊन डोंगरापलीकडे दिब्ब्याला गेली आणि घोडी मागे राहिली. आता घोडी गाभण होती. व्यायच्या आत ती आपल्याकडे यावी, असा मुलीचा निरोप होता. गलबतावर घोडी चढेना आणि डोंगरातून गाडीरस्ता धड नव्हता. हसनभाईंना तंबाखूच्या सौद्यासाठी दिब्ब्याला जायचेच होते. ते म्हणाले, मी नेतो.

निघताना हसनभाईंनी विचारले, "हिला खायला काय घालायचं?"

अबू राशिद म्हणाला, "घरात सगळे खातात तेच."

हे म्हाताऱ्याचे सौजन्य आहे असे आम्ही समजलो. हसनभाईंनी त्याला हात जोडून सांगितले की घोडीला मुंबईचे उत्तम चणे मिळतील. म्हातारा हसला. त्याने घोडीच्या कपाळावर हात ठेवला आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "हसन, ही माझ्या मुलीची आहे. माझी असती तर इतकं सांगितलं नसतं."

हसनभाईंचा रास अल खैमातला सगळा व्यापार अबू राशिदच्या शब्दावर चाले. त्याने वखार दिली होती आणि गोदीवर त्याचीच माणसे होती. वाटेत मी हे बोलून दाखवले तेव्हा हसनभाई म्हणाले, "वखार दुसरी मिळेल ओ, पेपरवाले. त्या पोरीला काय तोंड दाखवू?"

आमच्या तांड्यात हसनभाईंची मुंबईहून आणलेली दोन तट्टे होती, त्यांवर आम्ही बसत होतो. घोडी मोकळ्या पाठीने दोरीवर चालत होती. पुढे सालेम नावाचा उंटवाला आणि त्याचा सामानाचा उंट. सालेम आतल्या वाळवंटातला, चाळिशीचा. आयुष्यात त्याने घोडा पाळलेला नव्हता आणि पाळण्याची इच्छाही नव्हती. घोडा म्हणजे श्रीमंत पाहुणा, असे त्याचे मत होते. येतानाच विचारतो, जेवायला काय आहे.

पहिला मुक्काम गाफच्या (आपल्याकडच्या शमीच्या) झाडीत पडला. शमीची इतकी मोठी झाडे मी महाराष्ट्रात पाहिलेली नाहीत. खाली लालसर वाळू, कोरडी आणि स्वच्छ. जवळच विहीर होती, पाणी किंचित मचूळ. तंबू म्हणून आम्ही एक जुने शीड आणले होते. वाऱ्याने ते दोनदा उडवले. दुसऱ्यांदा ते भाताच्या पातेल्यावर येऊन पडले. त्या संध्याकाळी आम्ही वाळू मिसळलेला भात खाल्ला. तट्टांनी भिजवलेले चणे संपवले. घोडीने तोबऱ्यात तोंड घातले, बाहेर काढले आणि जोराने फुरफुरली. दिवसभर चालून दमली असेल, असे ठरले.

दुसऱ्या मुक्कामाला, धैदला, खाण्याची चंगळ होती. तिथे फलज (डोंगरातून आणलेला भुयारी पाट) वाहतो आणि त्याच्या काठाने खजुरीच्या बागा आहेत. मातीचा एक किल्ला, काही झावळ्यांच्या झोपड्या आणि हिरव्या चाऱ्याचे वाफे. एका बागवानाने आम्हाला वेलदोड्याची कॉफी पाजली आणि घोडीसाठी जत (लसूणघास) कापून आणली. घोडीने चार काड्या चघळल्या. खजूर तोंडात घेऊन थुंकला. चणे हुंगलेही नाहीत.

बागवानाने तिच्या पोटावरून हात फिरवला. "पोटातलं हलतंय," तो म्हणाला. "पण हिने खाल्लं पाहिजे."

"खाईल, इन्शाल्ला," हसनभाई म्हणाले.

"तोंड बघितलं का? दात दुखत असेल," सालेमने सुचवले.

हसनभाईंनी जबडा उघडून पाहिला. दात ठीक होते. त्यांनी चणे मुठीत घेऊन भरडले, त्यात गूळ कुस्करला. घोडीने मान फिरवली. मग त्यांनी भातही देऊन पाहिला. सालेमच्या उंटाने तो भात मागून येऊन खाल्ला.

"बघितलंस?" सालेम म्हणाला. "उंटाला विचारावं लागत नाही."

परत फिरावे असे मी सुचवले. हसनभाईंनी हिशेब मांडला. मागे जायला दोन दिवस, पुढे डोंगरातल्या मसाफीला जायला एकच. मसाफीचे पाणी गोड आहे, थंडी आहे; कदाचित तिथे तिला भूक लागेल. मला दुसरा उपाय माहीत नव्हता. आम्ही पुढे निघालो.

धैदनंतर वाळू संपते आणि गोट्यांचे मैदान लागते. मग हजरचे डोंगर. त्यांच्यावर गवताची काडी नाही. सकाळी ते जांभळे दिसतात, दुपारी तपकिरी आणि जवळ गेल्यावर कुणीतरी फोडून टाकल्यासारखे. वाट कोरड्या ओढ्याच्या पात्रातून जाते. घोडी आता दोरीला ताण देत होती, म्हणजे मागे राहत होती. हसनभाई तट्टावरून उतरले आणि तिच्या बरोबरीने चालू लागले. मीही उतरलो. एकदा हसनभाई घोडीला म्हणाले, "बाई, राग माझ्यावर काढ. पोटातल्यावर कशाला?" ती चालत राहिली.

मसाफीला पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. झऱ्याजवळ खजुरीखाली जागा सापडली. घोडी पाणी प्यायली, पण थोडेच. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. हसनभाईंनी जेवण केले नाही.

पुढची घटना सकाळी उजाडल्यावर झाली. मी चुलीशी सुलेमानी (बिनदुधाचा चहा) करत होतो. हसनभाई आणि सालेम झऱ्याच्या बाजूला नमाज पढत होते. माझी पाठ सामानाकडे होती. काहीतरी फाटल्याचा आवाज आला. वळून पाहिले तर घोडीने खुंट उपसला होता आणि तिचे तोंड उंटाच्या खोगिराखालच्या पिशवीत गेलेले होते.

त्या पिशवीत हसनभाईंच्या आईने हर्णैहून पाठवलेली सुकी मांदेली होती, फडक्यात बांधलेली. परदेशात असलेल्या मुलाला महिना दोन महिने पुरावी म्हणून. हसनभाई ती मोजून खात असत आणि मला पहिल्या दिवशी त्यांनी दोनच दिल्या होत्या.

नमाज आटोपून हसनभाई पळत आले. "अगो, ती माझी मांदेली!" त्यांनी दोरी धरली आणि मग हात सोडला. घोडी खात होती. डोके खाली, कान पुढे, दाढांचा आवाज स्पष्ट. फडक्यातून मासळी तिने ओठांनी निवडून काढली. जमिनीवर सांडलेली उचलली.

"खेचा तिला," मी म्हणालो. "मरेल."

"खातेय ओ."

"घोडा मासे खातो का?"

सालेम म्हणाला की समुद्रकाठचे लोक काहीही खातात, त्यांची जनावरे का खाणार नाहीत. हे तो चिडवण्यासाठी म्हणाला की माहितीने, हे मला तेव्हा ठरवता आले नाही. पुढे विचारले तेव्हा त्याने कबूल केले की तो चिडवत होता.

हसनभाईंनी निर्णय घेतला. अर्धी पिशवी बाजूला काढली, अर्धी तिच्यापुढे राहू दिली. मग आम्ही तिघे बसून वाट पाहू लागलो. चहा उकळून काळा झाला. घोडी फडके चाटून झऱ्यावर गेली आणि पोटभर पाणी प्यायली. परत आली. उभ्याउभ्या एक पाय सैल सोडून डुलकी घेतली. पोट दुखत असलेले घोडे बाजूला तोंड वळवून कुशीकडे बघते आणि पाय झाडते, एवढे मला आठवत होते. तिने यातले काही केले नाही.

ऊन वर आले तेव्हा तिने शेपटी उचलली आणि लीद टाकली. हसनभाई जवळ जाऊन बघून आले.

"कशी आहे?" मी विचारले.

"अल्हम्दुलिल्ला. तुमच्या पेपरात छापण्यासारखी आहे."

सालेम इतका हसला की उंट उठून उभा राहिला. मग हसनभाईंनी चणे भरडले, त्यात मांदेली चुरून टाकली आणि तोबरा बांधला. घोडीने तो रिकामा करून दिला. त्या दुपारी आम्हीही मसाफीला बरेच जेवलो. हसनभाईंनी भात आणि लिंबाचे लोणचे खाल्ले, कारण उरलेली मांदेली आता त्यांची नव्हती.

मसाफीपासून दिब्ब्यापर्यंत वाट उतरणीची आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये गोट्यांचे पात्र, अधूनमधून पाण्याची डबकी आणि त्यांत बोटाएवढे मासे. घोडी आता पुढे चालत होती. दोरी सैल होती. वाटेतल्या मुक्कामी रात्री शीड उडाले नाही.

समुद्र दिसण्याआधी त्याचा वास आला. घोडीला तो आमच्याआधी आला असावा, कारण तिने चाल वाढवली आणि हसनभाईंना जवळजवळ धावावे लागले. दिब्ब्याच्या किनाऱ्यावर दूरवर वाळू चांदीसारखी दिसत होती. जवळ गेल्यावर कळले की ती ऊमा (तारलीच्या जातीची बारीक मासळी) आहे, उन्हात वाळत टाकलेली. तिच्या कडेला दोन गाई उभ्या होत्या आणि शांतपणे ती खात होत्या. एक बाई टोपलीत ऊमा आणि खजूर एकत्र कुटत होती. शेजारी एक शेळी, एक गाढव आणि एक उंट आपल्या पाळीची वाट पाहत होते.

हसनभाई गाईंपाशी थांबले. मग म्हणाले, "घरात सगळे खातात तेच."

मोझाचे घर किनाऱ्यालाच लागून होते. ती दारात आली, तोंडावर बुरखा. घोडीने खिंकाळी दिली आणि हसनभाईंच्या हातातून दोरी निसटली. मोझाने तिची मान धरली. नंतर तिने पोटावरून, बरगड्यांवरून हात फिरवला. तिचे बोलणे हसनभाईंनी मला नंतर सांगितले ते असे :

"चाचा, ही बारीक का झाली?"

"बेटी, आम्ही तिला चणे घालत होतो."

"चणे? कशाबरोबर?"

"नुसतेच."

"नुसते कोण खाईल?"

हसनभाईंनी सगळी हकीकत सांगितली, आईच्या मांदेलीसह. मोझा दाराच्या चौकटीला धरून हसली. मग आत गेली आणि आमच्यासाठी जेवण पाठवले. भात, वरून तूप आणि भाजलेली ऊमा. हसनभाईंनी तीनदा भात घेतला.

परतीच्या वाटेवर सांगण्यासारखे काही घडले नाही. तट्टे चणे खात होती. धैदच्या बागवानाने लांबूनच घोडीचे विचारले आणि हसनभाईंनी लांबूनच ओरडून सांगितले. त्याने आभाळाकडे हात वर केले.

रास अल खैमाला अबू राशिद घरापुढच्या बाकावर बसलेला होता. हसनभाईंनी सलाम केला आणि घोडी पोचल्याचे सांगितले. रस्त्यात काय झाले तेही सांगितले, काही न लपवता. म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले. शेवटी विचारले, "तुझ्या आईची किती गेली?"

"सगळी."

दुसऱ्या दिवशी त्याच्या माणसांनी वखारीत वाळलेल्या ऊमाच्या दोन गोण्या आणून टाकल्या. एक हसनभाईंना, एक त्यांच्या आईला. आईची गोणी पुढच्या गलबताने रत्नागिरीकडे गेली. हर्णैला ती पोचली. कालवण बरे झाले, पण मांदेलीची सर नाही, असे म्हातारीने कळवले.

मी डिसेंबर संपण्याआधी दुबईहून बोटीने मुंबईला परतलो. पुढच्या एप्रिलात हसनभाईंचा धाकटा भाऊ कचेरीत येऊन निरोप सांगून गेला. निरोप दिब्ब्याहून रास अल खैमाला आलेल्या एका नाखव्याने आणला होता आणि त्याने घोडी स्वतः पाहिली होती. शिंगरू झाले होते, मादी. ते उभे राहून दूध पीत होते. घोडी खात होती.