कापसाचा अग्निबाण

पासष्टची लढाई संपली तरी आमच्या शाळेच्या खिडक्यांवरचे काळे कागद काढायला कुणाला सवड झाली नव्हती. अकोल्यापर्यंत शत्रूचं विमान येईल असं तेव्हाही कुणाला मनापासून वाटत नव्हतं, पण कागद मात्र सगळ्यांनी हौसेनं चिकटवले होते. त्या अर्धवट अंधारात मी मुलींना प्रकाशाचं परावर्तन शिकवायची. आता हसू येतं, तेव्हा राग यायचा. मला राग पटकन येतो. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, तरी मुलींनी माझं नाव 'तिखट बाई' ठेवून टाकलं होतं.

मी वलगावची. छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच हिवाळ्यात वडिलांनी घरात सांगून टाकलं की ही पोरगी शिकेल तितकं शिकेल. अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या वर्गात पहिल्या बाकावर मी एकटी बसायची. मागचे सगळे बाक मुलांचे. तीन वर्षं माझ्या शेजारी बसायला कुणी नव्हतं. म्हणून अकोल्याच्या मुलींच्या शाळेत लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंना विचारलं, विज्ञानाची तुकडी कुठे आहे? मोठ्या बाई म्हणाल्या, नाही. मुलींना नववीपासून गृहशास्त्र. विज्ञान हवं असेल त्यांनी मुलांच्या शाळेत जावं. आणि मुलांच्या शाळेत कुणाचे आईबाप मुलगी पाठवणार होते?

आठवीत एक मुलगी होती. वडील खेड्यावर काळ्या रानात कापूस आणि तूर करायचे, ही मामाकडे राहून शिकायची. हडकुळी, कमी बोलणारी, पण एकदा प्रश्न धरला की सोडायची नाही. तिच्या वडिलांनी साफ सांगितलं होतं: स्वयंपाक घरी आईही शिकवते, त्यासाठी अकोल्यात ठेवायची गरज नाही. विज्ञानाचा वर्ग याच शाळेत निघाला तर पोरगी राहील, नाही तर उन्हाळ्यात घरी, आणि मग स्थळं पाहायची. हे तिनं मला रडत वगैरे नाही सांगितलं. बस कधी सुटते हे सांगावं तसं सांगितलं. मला रात्रभर चैन पडलं नाही.

वर्ग काढणं शाळेच्या अध्यक्षांच्या हातात होतं. त्यांचा कापसाचा जिन होता, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करायचा कारखाना. त्यांना सगळे शेटजी म्हणत. स्वभावानं दिलदार, पण वर्तमानपत्रात छापलेलं सगळं खरं मानणारे. एके दिवशी ते कात्रण घेऊनच शाळेत आले. परदेशात लेसर नावाचा किरण निघाला आहे, तो पोलादाच्या पात्याला भोक पाडतो, आणि आता आकाशातून येणारे अग्निबाण तो हवेतच जाळून टाकेल, असं त्यात होतं. क्षेपणास्त्र हा शब्द आमच्या तोंडी बसायचा होता. आम्ही अग्निबाणच म्हणायचो. लढाईची धास्ती ताजी होती, त्यामुळे शेटजींना त्या बातमीनं केवढा धीर आला होता. ते म्हणाले, यंदा शाळेत प्रदर्शन भरवतो आहोत, त्यात हेच दाखवा. पाहुणे येतील, त्यांच्यासमोर किरणानं अग्निबाण पडला पाहिजे. मग विज्ञानाच्या वर्गाचं मी बघतो.

रविवारी मी एस.टी.नं अमरावतीला गेले, माझ्या जुन्या प्राध्यापकांकडे. त्यांनी आधी चहा पाजला, मग लेसर समजावला. साधा उजेड म्हणजे बाजारातली गर्दी, जो तो आपल्या दिशेनं. लेसर म्हणजे कवायत, सगळे एका पावलावर. म्हणून तो दूरवर जातो आणि एका टिंबावर जोर लावतो. मी सरळ विचारलं, सर, मग अग्निबाण पाडायला तो तयार आहे का? त्यांनी नाही अशी मान हलवली. हातभर अंतरावरचं पातं वेगळं आणि आकाशात धावणारा अग्निबाण वेगळा. किरण त्याच ठिकाणी धरून ठेवावा लागतो, तेवढा वेळ तो देत नाही. मध्ये धूळ असते, ढग असतात. आणि एवढी ताकद आणायची कुठून? "होईल," ते म्हणाले, "पण मी पाहीन असं वाटत नाही. तुझ्या विद्यार्थिनी पाहतील." परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी तेच मनात घोळवत होते.

लेसर आम्ही कुठून आणणार? ऊन मात्र अकोल्यात पाहिजे तेवढं. मी ठरवलं, प्रत्येक मुलीनं घरून आरसा आणायचा. मैदानात ओळीनं उभं राहायचं आणि सगळ्यांनी आपापला कवडसा एकाच जागी पाडायचा. एका आरशानं काही होत नाही, पण सगळे कवडसे एकमेकांवर बसले की जागा तापते. हा लेसर नव्हे, हे मी त्यांच्या डोक्यात भरवलं. पण किरणाचं शस्त्र कसं काम करतं हे यातून दिसणार होतं.

त्या महिन्यात अर्ध्या वस्तीतल्या बाया अंदाजानं कुंकू लावत होत्या. कुणी पाण्याच्या हंड्यात बघून, कुणी शेजारणीला विचारून. एका मुलीची आजी तर शाळेत येऊन मला ऐकवून गेली की तुमच्या लढाईपायी माझा भांग वाकडा पडतो. माझ्या त्या हडकुळ्या मुलीनं वडिलांचा दाढीचा आरसा आणला होता, पत्र्याच्या चौकटीचा, खेड्यावरच्या घरातला एकुलता एक. वडिलांनी दिला कसा, असं विचारलं तर म्हणाली, मागितला, दिला.

सराव मस्त झाला. जुन्या छत्रीचं काळं कापड खांबाला बांधलं, मुलींनी कवडसे जमवले आणि थोड्या वेळात कापडातून धूर आला. मुली नाचल्या. मीही नाचले असते, पण तिखट बाईंना ते शोभलं नसतं.

चूक झाली ती पुढे, आणि ती वऱ्हाडातच होऊ शकते. प्रदर्शनासाठी अग्निबाण कशाचा करायचा यावर शेटजींना प्रश्नच पडला नाही. कापसाचा. जिनवाल्याला आगीचं भय किती असतं हे आमच्याकडे लेकरालाही माहीत. बिडीची एक ठिणगी पडली तर गंजीच्या गंजी राख होतात. कापसापेक्षा लवकर पेटणारं जगात काही असेल असं आम्हां कुणाच्या डोक्यातच येईना, माझ्याही नाही. शेटजींनी हंगामातली सगळ्यात पांढरी, धुतल्यासारखी रुई पाठवली. मुलींनी ती बांबूवर गुंडाळून लांबलचक, टोकदार अग्निबाण केला. तो तारेवरून दोरीनं ओढत नेऊन दाखवायचा होता. प्रयोग समजावून सांगायला मी त्या हडकुळ्या मुलीलाच उभी करणार होते; तिच्या भाषणासाठी शेटजींनी रुईसोबत एक शेवटचं वाक्यही पाठवलं: हे शस्त्र आज सज्ज आहे, जनतेनं निर्धास्त राहावं.

मी मोठ्या बाईंशी भांडले. त्या म्हणाल्या, एका वाक्यासाठी वर्ग घालवू नका. त्यांचंही खोटं नव्हतं. मी त्या मुलीला बाजूला घेतलं आणि प्राध्यापकांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. वाक्य खरं नाही, मी तुझ्या जागी असते तर गाळलं असतं, शेटजींना जे सांगायचं ते मी सांगेन. ती ऐकून घेत होती, नखानं आरशाच्या चौकटीवरचा गंज काढत. वर्ग कुणासाठी किती मोलाचा होता हे आम्हां दोघींनाही माहीत होतं. तिनं आरसा दप्तरात घातला आणि गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी ऊन कडक होतं. मैदान भरलं होतं. पाहुणे खुर्च्यांवर, आईबाप कुंपणाशी. तिचे वडील बाजाराच्या कामानं आले होते, तेही कुंपणाला हात टेकून उभे. शेटजींनी जिनातल्या वाळूनं भरलेल्या लाल बादल्या आणून स्वतःच्या खुर्चीपाशी मांडल्या होत्या. सगळ्यांनी ते पाहून मान डोलावली, काय सांगावं, सगळं मैदान पेटायचं.

शिटी वाजली. अग्निबाण निघाला. कवडसे त्याच्या मागे धावले, काही पुढे गेले, काही मागे राहिले, काही पाहुण्यांच्या डोळ्यांवर. अग्निबाण ऊन अंगावर घेत, झगझगत, एखाद्या नवरदेवासारखा या टोकाहून त्या टोकाला गेला आणि सुखरूप पोचला. पुन्हा ओढला. पुन्हा पोचला. मग थांबवून पाहिला. तरी धुराची रेघ नाही. कुंपणाशी हशा पिकला. माझे कान तापले. अग्निबाण सोडून बाकी सगळं तापलं होतं.

शेटजी उठून तारेपाशी आले. रुईला हात लावून पाहिला. चेहरा पडला होता. त्यांनी मला नाही, त्या मुलीला विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"काहून नाई पेटला वं? जिनात तं ठिनगीनं पेटते."

ती रुईकडे पाहत राहिली. मलाही त्याच क्षणी उमगलं होतं आणि मी तोंड उघडणार होते, पण ती आधी बोलली.

"लयच पांढरा हाये, शेटजी. पांढरं असलं की ऊन वापस पाठवते. अन् तो एका जागी थांबला बी नाई."

"मंग लेसरचं शस्त्र तयार हाये का नाई?"

मोठ्या बाईंनी माझा हात दाबला. कुंपणाशी तिचे वडील. मला वाटलं, म्हण बाई, हो म्हण आणि मोकळी हो. असं मला खरंच वाटलं.

"नाई," ती म्हणाली. "अजून नाई. आपन त्याले काळं फासलं अन् बांधून ठेवलं तं पेटन."

"अन् शत्रू आपला अग्निबान काळं फासून बांधून ठेवीन काय?"

"नाई ठेवनार," ती म्हणाली. "म्हनूनच तं शिका लागते."

 मी शिपायाला शाळेच्या चुलीवरचं पातेलं आणायला पिटाळलं. मुलींनी त्याच्या बुडाची काजळी हातांनी रुईला फासली, अग्निबाण खांबाला घट्ट बांधला आणि पुन्हा ओळीत उभ्या राहिल्या. कवडसे एकेक करून येऊन बसले. आधी काहीच नाही. मग धूर. मग काळ्यात एक लाल कड दिसली, पसरली आणि भपकन ज्वाळ उठली. टाळ्या वाजायच्या आत शेटजींनी दोन बादल्या वाळू त्यावर ओतली होती. जन्मभराची सवय, हात थांबलेच नाहीत. मागे बसलेल्या पाहुण्यांना बिचाऱ्यांना धूर तेवढा दिसला.

त्या दिवशी शेटजी चहालाही न थांबता गेले. पुढे कितीतरी दिवस काही निरोप नाही. मुली आपापले आरसे घेऊन गेल्या. ती मात्र आपला माझ्याकडेच ठेवून गेली. म्हणाली, वर्ग झाला तर लागेल. मी तो कपाटात ठेवला आणि रोज कपाट उघडलं की तो जागेवर आहे ना ते आधी पाहायची. उन्हाळा लागला, परीक्षा झाली, ती खेड्यावर गेली.

मे महिन्यात शेटजींनी जिनावर बोलावलं. हंगाम संपून यंत्रं थंड पडली होती. त्यांनी मला ताक दिलं आणि म्हणाले की पाहुण्यांसमोर फजिती झाली, आठ दिवस राग होता. पण मग विचार केला, ज्या पोरीनं माझ्या तोंडावर नाही म्हटलं, ती उद्या कुठंही खरं सांगेल. शस्त्र तयार नसताना तयार आहे म्हणणारी माणसं लढाईत महागात पडतात. रुईचं एक गोदाम रिकामं होतं, ते शाळेला लागूनच होतं, ते त्यांनी वर्गाला दिलं. "पन पोरी येतीन काय, बाई?" हा त्यांचा शेवटचा प्रश्न. मी म्हटलं, येतील. म्हटलं खरं, पण जिच्यासाठी एवढं केलं तीच येईल की नाही, मला कुठं माहीत होतं?

जूनमध्ये गोदाम झाडून घेतलं. कोपऱ्यांतून रुईचे पुंजके निघतच होते. मी फळा ठोकत होते आणि दारात तिचे वडील येऊन उभे राहिले. एकटेच. गालावर आठवड्याची दाढी. माझ्या मनात आलं, संपलं, आरसा न्यायला आले. मी काही न विचारता कपाट उघडलं, आरसा पुसला आणि त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो हातात घेतला, त्यात स्वतःचं तोंड पाहिलं, हनुवटीवरून हात फिरवला. मग चार पावलं पुढे येऊन आरसा फळ्याखालच्या टेबलावर ठेवला, काच वर करून. छपराच्या फटीतून ऊन आलं होतं, त्याचा कवडसा भिंतीवर पडला.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "तिचं शिकून होयेपर्यंत इथंच राहू द्या. मी न्हाव्याकडं करतो दाढी."

मग त्यांनी मागे वळून हाक मारली. ती बाहेर नळावर पाय धूत होती.