दूरचं सांगता येत नाही

माझा धाकटा भाऊ गणितात संशोधन करतो. एखादी गोष्ट काळासोबत बदलत कुठे पोहोचेल, हा त्याचा विषय. सुरुवातीला तिळभर फरक पडला तरी पुढचं सगळं बदलतं म्हणे. या ज्ञानापायी तीन स्थळं गेली होती. चौथं नांदुऱ्याचं. पोहे खाताना मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोरीले सुखात ठेवसान ना?"

"दूरचं सांगता येत नाही," भाऊ म्हणाला. मी बशीत तोंड घातलं.

"काऊन?"

"सुरुवातीची माहिती अपुरी आहे."

मुलगीच म्हणाली, "जवळचं सांगता येते का?"

"आठवडाभराचं, बऱ्यापैकी."

"मंग दर रविवारी सांगत जा."

वडील हसले आणि तिथेच सुपारी फुटली. पहिला रविवार कोणता धरायचा, हे भाऊ विचारतच होता.