जितके कान, तितकं बिल

तळवड्यात एका वर्कशॉपच्या वरच्या खोलीतून आम्ही दोघं इंटरनेट रेडिओ चालवतो. निघोज्याचा माझा जोडीदार बोलतो, मी गाणी लावतो. मला बोलायला जमत नाही. यंदा त्या न बोलण्यानेच घोटाळा केला, तो आता सांगून टाकतो.

ऐकणारे बहुतेक चाकणच्या कंपन्यांतले. "सेकंड शिफ्टवाल्यांसाठी एखादं जुनं लावा राव," अशी फर्माईश येते. जाहिराती दोनच: एक मेस, एक गॅरेज.

गाण्यांच्या रॉयल्टीचे दर वाढल्याचं पत्र आलं आणि डोकंच फिरलं. गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला पैसे मिळायलाच हवेत. आम्ही आजवर भरलेच. पण आकारणी दर गाण्यामागे, दर ऐकणाऱ्यामागे! ऐकणारे वाढले म्हणून मेसवाला काही जास्त देत नाही. मोठ्या कंपन्या हे पचवतील. आमच्यासारख्यांनी मात्र लोकांना आवडायचं म्हणजे टाळं लावायचं. आमच्या कमाईतला हिस्सा घ्या ना! तशी हरकत पाठवली. उत्तर काय, तर 'आपली हरकत नोंदवली आहे.' झालं, संपलं.

जोडीदार माइकवर कळवळून म्हणाला, "मंडळी, आपला रेडिओ बंद पडायची येळ आलीय. साथ द्या."

लोकांनी दिली. स्क्रीनवरचा ऐकणाऱ्यांचा आकडा भराभर चढायला लागला. जोडीदार खूश. मला शंका आली, आणि एका नेहमीच्या श्रोत्याच्या फोनने ती खरी ठरली. लातूरकडचा गडी, कंपनीत वेल्डर.

"काळजीच करू नका भाऊ. तीन मोबाइलवर लावून ठेवलोय. ड्युटीवर असलो तरी रूमवर चालूच असतंय. सगळ्या पोरांना तसंच सांगितलोय."

"मग रूमवर ऐकतं कोण?"

"कोण ऐकणार? कुलूप असतंय की!"

त्या कुलूपबंद खोलीतल्या प्रत्येक गाण्याचे पैसे आम्हाला लागणार होते. तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "आभारी आहे."

पुढेही तेच. चहाच्या टपरीवर कोणी अभिमानाने सांगायचं, "रात्रंदिवस चालू ठेवलाय आपला रेडिओ!" मी हसून मान डोलवायचो. एवढ्या प्रेमाने केलेल्या गोष्टीला नको कसं म्हणायचं? जोडीदारालाही बोललो नाही. शेवटी बिलच त्याच्या हातात पडलं.

"तुला ठाऊक व्हतं?"

"होतं."

"मंग तोंड शिवलं व्हतं का तुजं? मी हितं रोज बोंबलतोय, साथ द्या, साथ द्या!" त्याने माइक माझ्यापुढे ढकलला. "आता तूच सांग. मी न्हाई."

मी माइक जवळ ओढला. "मंडळी," मी म्हणालो, "ऐकत नसाल तर रेडिओ बंद करा. चालू राहिला की आमचं बिल वाढतं. मला आधीपासून माहीत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. चूक माझी."

आकडा उतरायला लागला. एरवी दोन माणसं गेली तरी माझा जीव खालीवर व्हायचा. आज जोडीदार शेजारून "उतर, आणखी उतर" म्हणत होता, आणि मीही मनातून तेच म्हणत होतो. रेडिओवाल्यावर ही वेळ यावी!

मग वेल्डरचा मेसेज आला: 'दोन बंद केलोय. तिसऱ्यावर मी खरंच ऐकायलोय. गाणं लावा की आता.'