न मागितलेलं घर

तिमाला घरांची स्वप्नं पडायची. माणसांची नाही, घरांची. आणि आमच्या लामू बेटावर याचं कुणाला नवल नव्हतं, कारण जे घर तिच्या स्वप्नात यायचं ते पुढच्या ईदपर्यंत हमखास विकलं जायचं. लोक म्हणायचे, हिला जिन्न येऊन सांगतो. जिन्न कसला डोंबलाचा! तिमा मेंदी काढणारी बाई, आणि जोडीला घरांची दलाल. नवरीच्या हातापायांवर मेंदी काढायला ती घराघरांत शिरायची, पार शेवटच्या अंधाऱ्या खोलीपर्यंत. गावातले बाकीचे दलाल सगळे पुरुष, त्यांची धाव ओट्यापर्यंत. ओट्यावर बसायचं, आल्याची कडू कॉफी प्यायची, मालकाच्या तोंडाकडे बघत राहायचं. मालकाचं तोंड काय सांगणार त्यांना?

तिमाला मात्र भिंती सांगायच्या. रमजानच्या आधी सगळ्या खोल्यांना चुना लागला आणि एकीला नाही लागला, म्हणजे त्या खोलीवरून कुणाचं तरी मन उठलंय. कोनाड्यातल्या चिनी बशा दिसेनाशा झाल्या, चौकातल्या जाईला पाणी मिळेना, वर्षानुवर्षं न फिरकलेल्या भावांच्या चपला दाराशी दिसू लागल्या, की तिमा मेंदीचा कोन हातात तसाच धरून क्षणभर डोळे मिटायची. तिला ते घर रिकामं दिसायचं, आणि मग त्यात दुसरी माणसं हळूहळू येऊन बसताना दिसायची. घरी येऊन ती झोपायची आणि तेच पुन्हा स्वप्नात बघायची.

आमच्याकडे घर विकायचंय असं तोंडाने कुणी म्हणत नाही. विकतात सगळेच, पण म्हणत नाहीत. म्हटलं की अब्रू गेली. लोक म्हणणार, यानं पोटची पोर धक्क्यावर नेऊन उभी केली. घराला मागणी यावी लागते, मुलीला येते तशी. घेणाऱ्यानं आधी बोलायचं, मालकानं 'छे छे, भलतंच काय' म्हणायचं, मग पुन्हा मागायचं. कुणाला मागायचं आणि कधी, एवढं तिमाला कळायचं, त्यावर तिचा धंदा. एकदा तिनं शी नावाच्या म्हाताऱ्याचं घर मागितलं तर तो ताडकन उठलाच. "तुला कुणी सांगितलं गं? मी अजून बायकोलासुद्धा बोललो नाही!"

"तुमच्या जिन्यानं सांगितलं, बाबा. चार पायऱ्या ढासळल्यात आणि तुम्ही गवंडी बोलावला नाहीत."

"चहाडखोर जिना मेला," असं म्हणून म्हातारा हसत सुटला, आणि घर दिलं त्यानं.

अशी ही बाई स्वतः मात्र गाढवांच्या तबेल्यामागे भाड्याच्या खोलीत राहायची. नवरा होडीसकट समुद्रात गेला तेव्हा तिची झुहुरा रांगत होती. आता झुहुराचं लग्न ठरलं होतं, सुतार पोरगा, चांगला. पण आमच्या रीतीत आईनं मुलीला घर द्यायचं आणि जावयानं तिथे राहायला यायचं. घर नसलं तर मुलगी सासूच्या चुलीशी जाते आणि जन्मभर तिथेच राहते, दुसऱ्याच्या चुलीशी. तिमा स्वतः तशी गेली होती. सासूनं तिला पहिल्या सकाळी काय ऐकवलं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, पण पोरीच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून तिनं जन्मभर पैसे साठवले. लहानशा घरापुरते होते तिच्याकडे. आणि घरही तिनं बघून ठेवलं होतं.

ते बी सोमोएचं घर, बी म्हणजे आमच्याकडे मोठ्या बाईला मानानं म्हणतात ते. मशिदीमागच्या गल्लीत, गल्लीवरून पुलासारखी गेलेली एक खोली असलेलं. तिमाला लहानपणी मेंदी शिकवली ती बी सोमोएनंच. आई गेल्यावर केस विंचरले तेही तिनंच. दोन वर्षांपूर्वी तिमा तिच्या हातांना मेंदी लावायला गेली तर त्या वरच्या खोलीच्या भिंतीला चुना नव्हता. कोनाड्यातल्या निळ्या बशा नव्हत्या. तिमाला आधी आनंद झाला आणि लगेच मागून भीती वाटली. हे घर सुटणार होतं. पण ते सुटणार म्हणजे बी आवराआवर करत होती. तिच्या वयाच्या बाईनं आवराआवर कशाची करायची? आता हिला 'घर दे' म्हणायचं म्हणजे 'तू आता जाणार' असंच म्हणायचं की.

गावभर घरं मागत फिरलेली ही बाई, पण इथे तिची जीभ उचलेना.

तिनं ते घर लपवलं मात्र. परदेशी गिऱ्हाइकं घेऊन हिंडणारा अथमान दलाल विचारायचा, "ताई, त्या मशिदीमागच्या घराचं काय म्हणतेस?" तर ही म्हणायची, "वाळवीनं पोखरलंय रे सगळं. तुझा तो गोरा तुळईसकट खाली येईल."

आणि दर आठवड्याला ती तिथे जायची. दुपारी गल्लीत चिटपाखरू नसायचं. भरतीचा वारा त्या पुलावरच्या खोलीतून आरपार जायचा, खालून एखादं गाढव टापा वाजवत जायचं, आणि बीच्या हातांवरची मेंदी वाळेपर्यंत तिमा चटईवर आडवी व्हायची. मग स्वप्न. झुहुरा खिडकीशी ओले केस पुसत बसलेली. कोनाड्यांत बशा परत आलेल्या. चौकात नारळाच्या दुधात तूर शिजतेय आणि कुणाचं तरी बाळ जिना चढतंय, बसत, उठत, बसत. कधीकधी बी सोमोएही त्या स्वप्नात असायची, बाळाला दटावत. इतकं भरलेलं घर तिनं दुसऱ्या कुणासाठी कधी पाहिलं नव्हतं. जागी झाली की बी तिच्याकडे टक लावून बघत असायची.

"काय बघत होतीस गं?"

"काही नाही, बी."

"मग घोरत कशाला होतीस मेले, एवढी मजेत?"

एकदा बी म्हणाली, "वारा छान येतो ना इथे? नव्या जोडप्याला किती बरी खोली." तिमाला वाटलं, म्हातारीला स्वतःचे नव्या संसाराचे दिवस आठवले, आणि तिमाचे डोळे भरून आले. काय म्हणावं या बाईला! जिन्याचं ऐकू येतं, भिंतीचं ऐकू येतं, आणि समोरचं माणूस बोलतं ते नाही.

लग्न जवळ आलं. "आई, सासूबाई म्हणतात, चुलीमागची खोली झाडून ठेवू का," झुहुरानं एका सकाळी विचारलं. तिचा आवाज साधाच होता.

"झाडतील! मी आजच मागते."

"आजच आजच करून वर्ष झालं, आई. जमणार नसेल तर सांग ना. मी जाईन तिथे. मरत नाही कुणी."

तिमानं डोक्यावर बुरखा ओढला आणि तडक निघाली. मशिदीमागच्या गल्लीत वळली तर बी सोमोएच्या ओट्यावर अथमान बसलेला, हातात कॉफी, दात सगळे बाहेर.

"या ताई! वाळवी काय म्हणते?"

तिमा जिना चढून वर गेली ती धापा टाकतच. बी खिडकीशी बसली होती. समोर एक पेटी उघडी होती आणि तीत निळ्या बशा, एकेक फडक्यात गुंडाळलेली.

"काय केलंस, बी?"

"दिलं घर. गेल्या शुक्रवारी. मुलानं मोंबासाहून बोलणं केलं." बी तिच्याकडे बघेना. "मला आता जिना चढवत नाही गं. डोळ्यांनीही नीट दिसत नाही. तो नेतोय मला."

"पण अथमानला? त्याला दिलंस?"

"त्यानं मागितलं." म्हातारीचा आवाज एकदम चढला. "ओट्यावर बसून का होईना, पण मागितलं! तू दोन वर्षं येतेस. दोन वर्षं मी ही भिंत उघडीबोडकी ठेवली. मला काय चुन्याला पैसे नव्हते? बशा उचलून कपाटात ठेवल्या. गावातल्या सगळ्या भिंती वाचतेस तू, म्हटलं माझी वाचशील. आणखी काय करायचं होतं मी? तोंडानं म्हणू, बाई माझं घर घे? आणि तू इथे येऊन घोरत पडायचीस!"

तिमा त्या उघड्या भिंतीकडे बघायला लागली.

"मला वाटलं, तुला आवडलं नाही," बी म्हणाली. "म्हटलं, तिनं मोठमोठी घरं बघितलीत. हे जुनं, लहान. मन खट्टू झालं माझं."

"आवडलं नाही?" तिमा पेटीजवळ खाली बसली. "अगं बी, मी वाचलं. पहिल्याच दिवशी वाचलं. मला वाटलं तू मरायची तयारी करतेयस. तुझ्याकडे घर कसं मागू मी? मागितलं असतं तर तू गेलीच असतीस ना!" आणि लहान पोरीसारखी ती हमसून हमसून रडायला लागली.

बी सोमोएनं चाचपडत तिमाचं डोकं मांडीवर ओढलं. "वेडी गं वेडी," ती म्हणत राहिली. खाली अथमान कुणाला तरी दाराची उंची सांगत होता.

"बुधवारी किल्ली द्यायचीय," शेवटी बी म्हणाली. "तोवर घर माझं आहे. जा, पोरीला घेऊन ये."

झुहुरा आली ती दुपारच्या नमाजानंतर, काही न कळून, आईच्या मागोमाग. बीनं तिला पुलावरच्या खोलीत नेलं, स्वतःच्या हातानं चटई घातली, उशी दिली. "झोप," म्हणाली. "का ते विचारू नकोस."

पोरगी लाजली, हसली, आडवी झाली. वारा येतच होता. थोड्या वेळानं तिचा श्वास संथ झाला. दोघी बायका दाराबाहेर जिन्यावर शेजारी शेजारी बसल्या. अथमान खालून हाका मारायला लागला तेव्हा तिमा चार पायऱ्या उतरून गेली आणि दबक्या आवाजात त्याला म्हणाली, "हळू बोल. माझी मुलगी झोपलीय तिच्या घरात."