झोप स्वल्प

मार्चमधला दुसरा शनिवार, सकाळ. येलहंक्यातलं माझ्या धाकट्या भावाचं घर. हजर: मी, भाऊ, भावजय. भावाचा उजवा कान गैरहजर. तो तोफखान्यातच राहिला.

विषय एकच. भाऊ हवालदार म्हणून निवृत्त झाला तेव्हा कान, पाठ आणि मन या तिन्हींसाठी त्याने अपंगत्व पेन्शनचा दावा केला होता. तो फेटाळला गेला. हे आजार लष्करी सेवेमुळे झालेले नाहीत आणि सेवेमुळे वाढलेलेही नाहीत, असं उत्तर आलं. अपिलाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. म्हणून मी बसवनगुडीहून फाइल, स्टेपलर आणि कोरे कागद घेऊन पहिल्या बसने निघाले होते.

"अक्का, कान आणि पाठ एवढंच लिही," भाऊ म्हणाला. "मनाचं काढून टाक."

"का?"

"गल्लीत कळलं तर वेडा म्हणतील."

"आत्ता शहाणा म्हणतात वाटतं," स्वयंपाकघरातून भावजय म्हणाली.

तो हसला. मी नाही हसले. रात्री तो पुन्हापुन्हा उठून कड्या तपासतो. एकदा झोपेत त्याने बायकोचा हात पिरगळला, तेव्हापासून ती हॉलमध्ये झोपते. मनाचं कलम काढलं असतं तर यातलं काही घडलंच नाही, असं आम्हीच लिहून दिल्यासारखं झालं असतं. ते मी होऊ देणार नव्हते.

"काढणार नाही," मी म्हटलं. "मेडिकल बोर्डापुढे काय झालं ते सांग. पहिल्यापासून."

"डॉक्टर आपल्या इकडचेच निघाले. कन्नडमध्ये बोलले, बरं वाटलं. त्यांनी विचारलं, निद्दे? मी म्हटलं, स्वल्प."

आमच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या याच कन्नड शहरात गेल्या. आमच्या मराठीत 'थोडं' क्वचित येतं, 'स्वल्प' सर्रास. भाजीत मीठ स्वल्प, पाहुण्यांनी स्वल्प सरकायचं. तेव्हा निद्दे, म्हणजे झोप, स्वल्प याचा अर्थ झोप येत नाही, हे मला लगेच कळलं. पण बोर्डाच्या कागदावर लिहिलं होतं: झोपेचा त्रास, किरकोळ.

"डॉक्टर कुठल्या बाजूला बसले होते?"

त्याने विचार केला. "उजव्या."

"मग ते नुसतं निद्दे म्हणाले नसणार. निद्दे समस्ये, म्हणजे झोपेचा त्रास आहे का, असं विचारलं असणार. तुला पहिलाच शब्द ऐकू आला. तू झोप किती ते सांगितलंस, त्यांनी त्रास किती ते लिहिलं."

त्याने उजवा कान चोळला.

"परत बोला, असं का नाही म्हणालास?"

"साहेबांना परत बोला कसं म्हणायचं, अक्का?"

"मला मात्र एकच वाक्य दहादा बोलायला लावतात," भावजय चहा ठेवत म्हणाली.

तेवढ्यात घरावरून सरावाचं विमान गेलं. इथे ती रोज जातात. आवाज त्याला निम्माच येतो, पण त्याने दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि विमान लांब गेल्यावरही सोडलं नाही. भावजयीने त्याचा कप शांतपणे मागे सरकवला. ही तिची सवय झाली आहे.

"लिही," तो खाली बघत म्हणाला. "तिन्ही लिही."

मी लिहायला घेतलं. पहिला मुद्दा: भरती करताना सरकारने हाच माणूस ठोकून-वाजवून घेतला होता. तेव्हा दोन्ही कान, पाठ आणि डोकं ठीक होतं. तसा शेरा त्यांच्याच डॉक्टरांचा आहे. बिघडलं ते त्यांच्याकडे असताना. कशामुळे, हे त्यांनी सांगावं. आम्ही विनंती करत नाही, हिशेब विचारतो आहोत. भाऊ म्हणाला, भाषा स्वल्प मऊ कर. मी केली नाही.

दुसरा मुद्दा बोर्डापुढच्या त्या प्रश्नोत्तराचा. तिसऱ्यात भावजयीने हाताचं सांगितलं, स्वतःच्या सहीने, न अडखळता.

दुपारपर्यंत प्रती काढून झाल्या, कागद फाइलला लागले. राहिलं एकच पान: रात्री काय होतं, ते त्याने त्याच्या हाताने लिहायचं आहे. तिथे मी लिहून चालणार नाही. बोर्डापुढे वापरला तो एक शब्द वापरायचा नाही, एवढी ताकीद मी दिली आहे.

काल फोन केला. "सुरुवात केली का?"

"केली," तो म्हणाला. "'मला झोप' इथपर्यंत आलोय."