न सांडलेला चहा

हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या बोळात गौतमी लॅपटॉप दुरुस्त करते. दुकान नवं होतं तेव्हा लोक दारातून डोकावून विचारायचे, "मेकॅनिक कुठं गेलाय?" हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता ती म्हणायची, "समोर बसलाय." आठ वर्षांत ते विचारणं बंद झालं. बाई चिवट. "बोर्ड गेला" म्हणून इतरांनी हात झटकलेली यंत्रं तिच्याकडे येतात, आणि स्वतः तपासल्याशिवाय 'गेला' हा शब्द ती तोंडातून काढत नाही.

दसऱ्यानंतर असाच एक लॅपटॉप घेऊन अळणावरजवळच्या गावची ज्योती आली, सोबत तिची आई अनुसया. चार दिवस तो चालूच होत नव्हता. दोन दुकानांनी नाही म्हटलेलं. आणि उद्या अकराला कॉलेजात ज्योतीला वर्षभराचा प्रोजेक्ट याच्यावरच चालवून दाखवायचा होता.

"काय झालतं?" गौतमीनं विचारलं.

"चहा सांडला, अक्का," ज्योती खाली बघत म्हणाली.

"चार दिस सांगालोय हिला, यंत्राजवळ कप घेऊन बसू नको म्हणून!" अनुसया तडकली. "आम्ही शेतात राबून शिकवायचं, आणि हिला भान नाही!"

ज्योतीनं पिशवीतून चार्जर काढून पुढं सरकवला.

गौतमीनं मीटर लावला. चार्जर ठणठणीत होता. मागचं झाकण उघडून तिनं बॅटरीची वायर सोडवली, अर्ध्या मिनिटानं पुन्हा जोडली. काही नाही. रॅम काढून खोडरबरानं पुसली. तरी काही नाही. चहा सांडला असता तर डाग हवा, साखरेचा चिकटा हवा, निदान एखादी मुंगी तरी हवी. बोर्ड कोरडा ठाक होता. गिऱ्हाईक थापा मारतं, बोर्ड मारत नाही, हे ती पक्कं ओळखून होती. तिला राग आला. चुकीच्या पत्त्यावर तासभर पायपीट झाली की कुणालाही येतो. पण सोडायचं नाही म्हणजे नाही. तिनं कीबोर्डही उचकटला.

चालू करायच्या बटणाखाली लालपिवळा गाळ वाळून बसला होता. त्यानं बटण दाबलेलंच राहिलं होतं. स्पिरिटचा कापूस फिरवला, तो पिवळाजर्द झाला.

अनुसयेनं तो कापूस बघितला.

"खंडेनवमीला मीच पूजा केलो की. जिथनं यंत्र जागं होतंय, तिथंच हळदीकुंकू लावलो. वर पाणी शिंपडलो." ती ज्योतीकडं वळली. "मग चहा?"

"नव्हता सांडला, अव्वा. एवढ्या मनानं पूजा केलीस तू. तुझ्यानं बंद पडला म्हणून कसं सांगू?"

"आणि चार दिस मी तुला शिव्या घालालोय!"

गौतमी घासत राहिली. तिच्या घरी पूजा नव्हती, बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती तेवढी लागायची. पण तिला हसू आलं नाही. मघाचा रागही उरला नव्हता. बटण टक्‌ करून वर आलं. तिनं सगळं जोडून ते दाबलं. पंखा घुमला, पडदा उजळला, प्रोजेक्ट जसाच्या तसा उघडला.

"मावशी, पुढच्या वर्षी कुंकू झाकणावर लावा," ती म्हणाली. "कोरडं."

अनुसयेनं मान हलवली आणि सवयीनं नमस्काराला हात पुढं केला. तो लॅपटॉपपाशी थबकला, मागं आला आणि ज्योतीच्या डोक्यावर बराच वेळ राहिला.