टँकरच्या मीटरपायी

मी आयुष्यात एकाच माणसाला मारलंय. हातातल्या मोठ्या पान्यानं, डोक्यात, तीन वेळा. पहिल्याच फटक्यात तो गुडघ्यावर आला होता. हे मी पोलिसांना सांगितलंय, कोर्टातही सांगितलंय, तेव्हा इथं लपवण्यात अर्थ नाही.

चिखलीत आमचा भाड्याचा गाळा होता. बाबा आकुर्डीच्या एका कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झाले आणि महिन्याभरात त्यांनी जुनं लेथ मशीन विकत घेतलं. चाकणच्या कंपनीतली इलेक्ट्रॉनिक्सची नोकरी सोडून मी त्यांच्यात सामील झाले. कंपन्यांना लागणारी छोटी मीटरं आम्ही बनवायचो. पितळी अंग बाबांचं, आतलं सर्किट माझं.

मग एका सरकारी पाणी विभागानं छोट्या उद्योगांना बोलावलं. ठेक्यावरचे टँकर आणि पोर्टल त्यांचं, यंत्र आणि देखभाल आमची, अशी भागीदारी होती. टँकरच्या तोटीवर मीटर बसवायचं. कुठं, किती पाणी सोडलं, ते थेट सरकारी पोर्टलवर दिसायचं. करारावर सही करून आल्यावर बाबा म्हणाले, "सरकारचा भागीदार म्हणून माझं नाव लागलं. तुझ्या आईनं बघायला हवं होतं."

चाचणीला पहिला टँकर दिला तो आमच्या गाळामालकानंच. त्याचं मूळ गावातलं जुनं घराणं, शेतीच्या जागी आता गाळे आणि विभागाच्या ठेक्यावरचे टँकर. आम्ही त्याला शेठ म्हणायचो. त्या टँकरचा ड्रायव्हर लातूरकडचा, चाळिशीचा, अबोल माणूस. तोटी कुठं गळते, खड्ड्यात आदळली की काय सुटतं, ते त्यानंच मला टँकरखाली झोपून दाखवलं. दुपारी तो आमच्याकडे चहा प्यायचा आणि मला ताई म्हणायचा.

मग शेठच्या बाकीच्या टँकरवरही मीटर बसली. दोन-तीन आठवड्यांत विभागातल्या इंजिनिअर बाईंनी मला बोलावून नकाशा दाखवला. एका सोसायटीच्या नावावर गेलेलं पाणी चाकण रस्त्याच्या एका बांधकामावर उतरत होतं. रोज, आणि शेठच्या जवळजवळ प्रत्येक टँकरमधून. विभागानं शेठचं काम थांबवलं. ड्रायव्हर लोक घरी बसले.

शेठ स्वतः गाळ्यावर आला. आवाज चढवला नाही. "पोरी, माझ्याच गाळ्यात बसून माझीच मान कापलीस व्हय?" मी म्हटलं, मीटर जे घडलं तेवढंच दाखवतं. त्यानं मीटर काढून घ्यायला आणि ते बिघडलं होतं असं लिहून द्यायला सांगितलं. बाबांनी लेथ बंद केलं, हात पुसले आणि म्हणाले, "मीटर बरोबर आहे, शेठ. मी स्वतः तपासलंय."

"आमचं सांगायचं काम आमी केलं," म्हणून तो गेला.

चार दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला शेठचा पुतण्या पाच जणांना घेऊन आला. मी मागच्या पत्र्याच्या खोलीत होते. आधी काच फुटल्याचा आवाज आला, मग बाबांचा. त्यांचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. बाहेर आले तर दोघं जण टेबलावरची मीटरं रॉडनं फोडत होते, एक जण माझा कॉम्प्युटर भिंतीवर आपटत होता, आणि उरलेल्या दोघांनी बाबांना कामाच्या टेबलावर पोटावर दाबून धरलं होतं. त्यांचा उजवा हात पुढं ओढला होता. पुतण्याकडे आमचाच हातोडा होता. त्यानं तो बोटांवर मारला. मग परत मारला. पितळेवर हातोडा पडला की वाजतं. हे वाजलं नाही. ओला आवाज होता.

मी धावले तर एकानं केसांना धरून मला शटरवर आपटलं. ओठ फाटला, तोंडात रक्त आलं. मी खाली पडले तिथं पाना होता. तो उचलून उठले तेव्हा माझ्या आणि बाबांच्या मध्ये एक माणूस पाठमोरा उभा होता आणि हातोडा त्याच्या हातात होता. मी पाना मारला. तो गुडघ्यावर आला आणि त्यानं मान वळवली. आमचा ड्रायव्हर.

मी त्याला ओळखलं. नीट ओळखलं. वकिलानं नंतर हे वाक्य कुणापुढं बोलू नका म्हणून सांगितलं होतं. माझ्या हातचा चहा प्यायलेला माणूस बापाची बोटं फोडायला आला, एवढंच डोक्यात होतं. मी दुसरा फटका मारला. तिसरा कानावर बसला. रक्त बघून बाकीचे पळाले. समोरच्या गाळ्यातल्या लोकांनी माझ्या हातातून पाना काढला, तेव्हा माझी मूठ सुटत नव्हती.

दोघांना एकाच दवाखान्यात नेलं. बाबांची दोन बोटं वाचली नाहीत. ड्रायव्हर आठवडाभर शुद्धीवर नव्हता, आणि त्याच्या खाटेजवळ पोलीस बसला होता, कारण माझ्या फिर्यादीत तोही आरोपी होता.

तिसऱ्या दिवशी फौजदारांनी मला माणसं ओळखायला बोलावलं. समोरच्या गाळ्याच्या कॅमेऱ्यातलं चित्र त्यांनी लावलं. पुतण्या आणि त्याचे पाच जण आत जाताना दिसले. त्यांच्यात ड्रायव्हर नव्हता. तो नंतर आला, एकटा, मोटारसायकल स्टँडवर न लावता तशीच टाकून. उघड्या शटरमधून पुढचं दिसत होतं. त्यानं पुतण्याला मागून मिठी मारली, हातोडा हिसकावला आणि बाबांच्या पुढं आडवा उभा राहिला. त्यानंतर मी पाना घेऊन उठताना दिसले.

फौजदारांनी चित्र थांबवलं. मी त्यांना पुढचं दाखवा म्हटलं. ते म्हणाले, "कशाला बघताय, मॅडम?" तरी मी शेवटपर्यंत बघितलं.

मी थेट दवाखान्यात गेले. त्याची बायको जिन्यात बसली होती. तिला मी कोण ते माहीत होतं. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्येंचं नाव त्या मारणाऱ्यांत घातलंय का तुमी?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "सकाळी दुसऱ्या ड्रायव्हरचा फोन आला तसे जेवत्या ताटावरून उठले. म्हणाले, म्हाताऱ्याला मारतील. मी नको म्हणत होते."

वकिलाचं म्हणणं होतं, तुम्ही गप्प राहा. झटापटीत लागलं, स्वसंरक्षण झालं, एवढं पुरे. त्याचं नाव काढलंत तर तुमच्यावरच केस उभी राहील. मी बाबांना विचारलं. हाताला पांढरं गाठोडं बांधून ते पडले होते. ते म्हणाले, "मला विचारू नकोस. मी बाप आहे, चुकीचंच सांगेन."

मी पुरवणी जबाब दिला. तो सोडवायला आला होता, मी त्याला ओळखूनही मारलं, असं लिहून दिलं. माझ्यावर गुन्हा दाखल झाला.

तो शुद्धीवर आल्यावर मी भेटायला गेले. डाव्या कानानं त्याला आता काही ऐकू येत नव्हतं, म्हणून बायको उजवीकडे वाकून बोलत होती. मी माफी मागितली. तो म्हणाला, "पहिला समजू शकतो, ताई. पुढचे दोन कशाला?" त्यानं मान भिंतीकडे वळवली. पुन्हा तो माझ्याशी बोलला नाही. औषधपाणी मी बघितलं, ते त्याच्या बायकोनं घेतलं. आता तो चाकणच्या कांदा बाजारात वजनकाट्यावर असतो असं कळतं. टँकर चालवत नाही.

विभागानं मीटरचं काम थांबवलं नाही. इंजिनिअर बाईंनी पोलीस बंदोबस्तात मीटर बसवून घेतली. मागच्या वर्षी छोट्या उद्योगांच्या एका सरकारी मेळाव्यात मला मंचावर बोलावलं आणि आमची यशोगाथा पाच मिनिटांत सांगायला सांगितली. मी तोटी, पितळ आणि पोर्टलबद्दल बोलले. टाळ्या झाल्या. फुलांचा गुच्छ मी डाव्या हातानं घेतला. समोरच्यांना वाटलं, बाई डावखुऱ्या असतील.

पुतण्या जामिनावर आहे, मीही आहे. तारखांना आम्ही एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतो. शेठ एकदा कोर्टाच्या आवारात समोर आला आणि म्हणाला, "म्हाताऱ्याला हात लावा म्हणून मी सांगितलं न्हवतं." मी म्हटलं, नको म्हणूनही सांगितलं नव्हतं. तो गाडीत जाऊन बसला.

नव्या गाळ्यात बाबा डाव्या हातानं लेथ चालवायला शिकताहेत. पितळ वाया जातं, शिव्या देतात. परवा मीटरचं एक अंग बऱ्यापैकी जमलं. त्यांनी ते माझ्यापुढं ठेवलं आणि आटे तपास म्हणाले. दोन आटे चुकले होते. मी तसं सांगितलं. त्यांनी ते उचलून भंगाराच्या डब्यात टाकलं आणि नवा तुकडा लावला.